यू, यू, यू

२७ मे १९६१. पहाटेचे तीन वाजलेत. अमेरिकेत, वॉशिंग्टनला लागून असलेल्या बेथेस्डामध्ये, राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळेत हाइनरिश मथाई हा तरुण जर्मन शास्त्रज्ञ अजून जागा आहे.

समोरच्या परीक्षानळीत ई. कोलाय जिवाणूंचा रस आहे. अॅल्युमिनाच्या भुकटीबरोबर जिवाणू वाटून काढलेला. पेशी फुटल्या, पण प्रथिनं बांधणारे रायबोसोम शाबूत आहेत. आरएनए म्हणजे प्रथिन कसं बांधायचं याचा निरोप नेणारा रेणू. बाहेरून जो आरएनए घालावा, त्याप्रमाणे ते प्रथिन बांधणार.

मथाईंनी घातलाय अगदी साधा आरएनए. एकच अक्षर, पुन्हा पुन्हा. युरॅसिल. यू, यू, यू...

कोडं असं होतं. आरएनएची अक्षरं, म्हणजे त्यातले घटक, चार; अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, वीस. दोन-दोन अक्षरांचे शब्द केले तर जेमतेम १६ होतात. तीन-तीनचे केले तर ६४. हिशेब जुळत होता, पण कुठला शब्द कुठल्या आम्लाचा, हे हिशेबातून कसं कळणार?

म्हणून ही युक्ती. नळीत वीसच्या वीस आम्लं घालायची, पण किरणोत्सारी एकच ठेवायचं. आज ते आहे फेनिलअॅलॅनिन. नवं प्रथिन तळाशी बसवलं, धुतलं, त्यातला किरणोत्सार मोजला. आकडा थेट हजारांत गेला! यूयूयू म्हणजे फेनिलअॅलॅनिन. जीवसृष्टीच्या भाषेतला पहिला शब्द माणसानं वाचला होता.

गटप्रमुख मार्शल निरेनबर्ग तेव्हा बर्कलीत होते. ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या परिषदेत त्यांनी हे सांगितलं, तेव्हा ऐकायला मोजकीच माणसं होती. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक, यांच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी निरेनबर्गना मोठ्या सभेपुढे पुन्हा उभं केलं.

मग शर्यतच लागली. विस्कॉन्सिनमध्ये हरगोविंद खोराना ठरावीक अक्षरं पुन्हा पुन्हा येणारा आरएनए घडवू लागले. हे मूळचे पंजाबातल्या रायपूर गावचे, पटवाऱ्याचे चिरंजीव. गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांनी यूसीयूसीयूसी अशी माळ दिली, तर प्रथिनात सेरीन, ल्युसीन, सेरीन, ल्युसीन असे आळीपाळीनं मणी आले. शब्द दोन किंवा चार अक्षरांचा असता, तर हे घडलंच नसतं.

१९६६ पर्यंत ६४ शब्द उलगडले. १९६८ चं नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि रॉबर्ट हॉली यांना मिळालं. मथाईंना नाही. हे आजही मनाला लागतं.

जीवशास्त्राच्या पुस्तकातला या ६४ शब्दांचा तक्ता उघडून बघा. डावीकडचं, सगळ्यात वरचं घर: यूयूयू, फेनिलअॅलॅनिन.