१०२०.१७१ फूट

[झिरो माईल, सकाळ. घोडे, खांब. मागून मेट्रो जाते.]

झिरो माईलचे हे चार घोडे नागपूरच्या माणसाला दाखवावे लागत नाहीत. शाळेची सहल आली की इथे फोटो निघतो, हिवाळी अधिवेशन आलं की याच भागात मोर्चे अडवले जातात. मधल्या वालुकाश्माच्या खांबावर गावांची नावं कोरलेली आहेत. हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल. नावापुढे मैलांचे आकडे. हैदराबाद ३१८.

भारताचा मध्यबिंदू म्हणून या जागेची ख्याती. आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मात्र मध्य प्रदेशात, कटनी जिल्ह्यातल्या करौंदीजवळ मानला जातो. नागपूरकर हे ऐकून घेणार नाही, त्यामुळे तो वाद इथेच सोडू. कॅमेरा घोड्यांसाठी आलेला नाही.

[दगडी खूण, अगदी जवळून. कोरीव अक्षरांतली धूळ.]

तो आलाय या खुणेसाठी. जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क, १९०७. म्हणजे उंची नेमकी मोजून नोंदलेली पक्की खूण. पुस्तकात याला तलचिन्ह म्हणतात, कामावरची माणसं नुसतं बीएम म्हणतात. इथली नोंदलेली उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. मीटरमध्ये ३११ ला जेमतेम पाच सेंटिमीटर कमी.

दशांशानंतरचे तीन आकडे बघा. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्साही भरत नाही. आणि समुद्र इथून कुठल्याही बाजूला गेलात तरी पाचशे किलोमीटरांच्या पलीकडे. तेव्हा ना उपग्रह होते, ना संगणक. मग हा आकडा आणला कुठून?

[फुटपाथ. तिवईवर लेव्हल, समोर स्टाफ धरलेला मुलगा.]

चालत आणला. खरोखर पायी.

हे काका सर्वेक्षणातून निवृत्त झालेत. उन्हाची टोपी, खिशात दोन पेन, आणि बोलण्यात अजून कामावरचाच हुकूम. तिवई रोवली, तिच्यावर लेव्हल, म्हणजे आडवी सरळ बघणारी दुर्बीण बसवली, तीन स्क्रू फिरवत बुडबुडा मधात आणला. समोर आकड्यांची उभी पट्टी, म्हणजे स्टाफ, धरलेल्या मुलाला ओरडून सांगितलं, "स्टाफ सरळ धर गा, झुलू नको देऊ!" दुर्बिणीतून वाचन घेतलं. १.७३५ मीटर.

ही बॅकसाईट. म्हणजे ज्या जागेची उंची ठाऊक आहे, तिच्यावर उभ्या स्टाफचं वाचन. आता मुलगा स्टाफ घेऊन पुढे गेला, तितकंच अंतर पलीकडे. पुन्हा वाचन. १.१२०. ही फोरसाईट. पहिल्यातून दुसरं वजा करा, ०.६१५. पुढची जागा मागच्यापेक्षा ६१५ मिलिमीटर उंच. झालं. यापलीकडे गणित नाही.

कसोटी असते ती माणसाची. काका दोन्ही बाजूंची पावलं मोजतात, मागे जितकी तितकीच पुढे. पृथ्वी गोल आहे आणि दुर्बिणीची नजर सरळ जाते, म्हणून शंभर मीटरवर पाऊण मिलिमीटरची चूक शिरतेच. किलोमीटरभर लांब बघितलं तर ती आठ सेंटिमीटरांच्या घरात जाते. दोन्हीकडचं अंतर सारखं ठेवलं की एका बाजूची चूक दुसरीला खाऊन टाकते. दुपारी तापलेल्या डांबरावर हवा नाचते, स्टाफवरचे आकडे पोहल्यासारखे दिसतात. म्हणून काम सकाळचं. मऊ मातीत तिवई खचते, त्यावर वेगळा बंदोबस्त. एवढं सगळं करून शेवटच्या खुणेला पोचलात, तरी काम अर्धंच. आता उलट्या दिशेने तीच ओळ परत मोजायची. जाताना आणि येतानाचा फरक मर्यादेत बसला, तरच वही जमा.

एका बैठकीला शंभर मीटर धरा. मुंबईहून नागपूरपर्यंत ओळ आणायची म्हटलं तर सात-आठ हजार वेळा तिवई रोवायची, आणि मग परत.

[नकाशावर किनाऱ्याची रेषा. लाटा.]

समुद्रसपाटीही आयती मिळत नाही. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, उतरतो. बंदरांवर भरतीमापक बसवून वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या आणि त्यांची सरासरी काढली. १८५८ मध्ये भारतात अशा बारकाईच्या तलमापनाला सुरुवात झाली. कराचीपासून मद्रास, विशाखापट्टणमपर्यंत नऊ ठिकाणच्या समुद्रपातळीला सगळ्या ओळी बांधल्या गेल्या, आणि १९०९ मध्ये पूर्ण जाळं एकत्र जुळवलं. झिरो माईलची ही खूण त्याच कामातली, दोन वर्षं आधीची.

[हिंगणघाट. वणा नदीचा पूल. पुढे कबर.]

खुणेवरची जीटीएस ही अक्षरं आणखी मागे नेतात. ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे भारताचं महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला साडेसात मैलांची पायारेषा पोलादी साखळीने मोजली. एक बाजू मोजली की पुढे फक्त कोन मोजायचे, त्रिकोणाला त्रिकोण जोडत वर सरकायचं. त्यासाठीचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा. तो टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवणाऱ्या खलाशांची आणि हमालांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत.

वीस वर्षं हे त्रिकोण उत्तरेकडे सरकत होते. नागपूरच्या वाटेवर असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, लॅम्बटन हिंगणघाटच्या मुक्कामी वारले. वय सत्तरीच्या घरात. कबर इथेच आहे. पुढे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेलं. त्यांचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. ज्याने आयुष्य घातलं तो हिंगणघाटात, आणि वर्धा जिल्ह्यातल्या पोरांनाही ते ठाऊक नाही.

[जुनी टोपोशीट टेबलावर उलगडते. बोट समोच्च रेषांवरून फिरतं.]

सर्व्हे ऑफ इंडियाची ही टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, क्रमांक ५५ ओ/४. नागपूर शहराचा मोठा भाग या एका कागदात आहे. तपकिरी रेषा समोच्च, म्हणजे एका उंचीच्या जागा जोडणाऱ्या. जवळजवळ आल्या की चढ, लांब गेल्या की सपाटी. निळं ते पाणी. आणि बारीक अक्षरांत कुठे कुठे बीएम, शेजारी उंची.

जुन्या शीटवरून एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांश काढून ते तसेच मोबाईलच्या नकाशात टाका. खूण शंभर मीटरांहून जास्त सरकलेली दिसेल. कागद चुकीचा नाही, मोबाईलही नाही. पृथ्वी थोडी चपटी. तिला गणितात बसवायला एक लंबगोल लागतो. जुने नकाशे एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये ठरवलेल्या लंबगोलावर आहेत, जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ वर. एव्हरेस्टचा भारताला चपखल बसवलेला, दुसरा सगळ्या जगासाठी. रूपांतर न करता दोन्ही एकत्र केले की विहीर शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पडते.

[हातात मोबाईल. मागे घोडे.]

हीच गंमत उंचीची. झिरो माईलला उभं राहून फोनमधली उपग्रहाची कच्ची उंची वाचली, तर ती ३११ मीटर येत नाही. पन्नासहून जास्त मीटर खाली येते. एखादं ॲप दुरुस्ती करून दाखवतं, एखादं नाही. उपग्रह उंची मोजतो ती त्या गणिती लंबगोलापासून. समुद्रपातळी चालते गुरुत्वाकर्षणाच्या तालावर, आणि भारताच्या भागात ती लंबगोलाच्या बरीच खाली गेलेली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरांहून खाली, जगात सर्वांत खोल. पाणी कुठे वाहील हे समुद्रपातळीपासूनची उंची सांगते. लंबगोलावरची उंची आपण होऊन ते सांगत नाही.

उपग्रहांचं काम मूळात वेळेचं आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. संदेश निघाला कधी, पोचला कधी, यावरून अंतर. सेकंदाचा अब्जावा भाग चुकला की जागा ३० सेंटिमीटर चुकली. तीन उपग्रह जागा सांगायला पुरले असते. चौथा लागतो तो आपल्या फोनमधल्या स्वस्त घड्याळाची चूक पकडायला. नाविक या आपल्या देशी यंत्रणेचे उपग्रह आणखी वर, ३६,००० किलोमीटरवर, सतत भारताकडे नजर ठेवून. पहिला २०१३ मध्ये गेला. आधीच्या उपग्रहांतली परदेशी अणुघड्याळं बिघडली, म्हणून २०२३ च्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात देशी रुबिडियम घड्याळ बसवलं. विमानांसाठीची गगन यंत्रणा जीपीएसच्या चुका दुरुस्त करून सांगते, आणि तिच्या संदर्भ केंद्रांत नागपूरही आहे. हे केंद्र करतं काय? स्वतःची जागा त्याला आधीच नेमकी ठाऊक असते. उपग्रह काय सांगतोय आणि खरं काय आहे, यातला फरक ते कळवतं.

म्हणजे आकाशातल्या यंत्रणेलाही जमिनीवरचा एक पक्का ठिकाणा लागतोच.

[काटोलकडचं वावर. संत्र्याची बाग. रोव्हरचा दंडा.]

काटोलच्या बाजूला मोजणी आली आहे. दंड्यावर छत्रीसारखा अँटेना, हातात टॅब. याला रोव्हर म्हणतात. दूरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती येते आणि जागा सेंटिमीटरांत मिळते. झाडाखाली उभं राहिलं तेव्हा स्क्रीनवर फ्लोट, म्हणजे जागा अजून पक्की नाही. आकाश अर्धं पानांनी झाकलेलं. दोन पावलं मोकळ्यावर येऊन थांबले, आणि भूकरमापक म्हणाले, "आला फिक्स." शेजारचे आजोबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून होते. त्यांनी टॅबकडे बघितलंच नाही, गवत बाजूला सारून जुना दगड दाखवला. "हा माहा बापानं पाह्यलेला गोटा हाय." भूकरमापकांनी दंडा आधी त्या दगडावर ठेवला.

धुऱ्याची भांडणं कोर्टात किती वर्षं चालतात, ते विदर्भात कोणाला सांगायला नको.

[सीताबर्डीचा किल्ला, रस्त्यावरून. मग फुटाळा, अंबाझरी.]

आता शहराकडे उंचीच्या नजरेने बघा. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची. दख्खनचा लाव्हा पूर्वेकडे जवळजवळ इथपर्यंत येऊन संपतो. कामठी-कन्हानकडे वेगळे खडक, खाली कोळसा. किल्ला लष्कराकडे आहे आणि वर्षातून मोजक्या दिवशी उघडतो, म्हणून हे चित्रण खालून. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी, अंबाझरीकडचा उंच भाग. तिथून जमीन पूर्वेला उतरत जाते आणि तिच्याबरोबर नाग नदी, शहराच्या पोटातून, पुढे कन्हानला. जमिनीची जुनी नावंही उंची सांगणारी. वर बरडी, उथळ आणि मुरमाड. खाली काळी. नदीकाठी कछार. पटवाऱ्याच्या कागदात ही नावं समोच्च रेषांच्या बरोबरीने नांदली.

या शहरात मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय ब्यूरोचं मुख्यालय आहे, राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे, इस्रोचं प्रादेशिक केंद्र आहे. जमिनीची मोजणी जाणणारी एवढी माणसं एका गावात क्वचित सापडतील. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. तेव्हाही पाणी समोच्च रेषांनी दाखवलेल्या उतारानेच गेलं.

[पुलाचा जुना कठडा. ऑइल पेंटचे थर. काकांचं बोट.]

स्टँडर्ड बेंच मार्कला घोड्यांची सोबत आहे, तो वाचला. बाकीचे बीएम असे, पुलाच्या कठड्यावर, जुन्या इमारतीच्या जोत्यावर, स्टेशनच्या फलाटावर. एक छिन्नीने कोरलेला चौकोन, शेजारी दोन अक्षरं. रस्ता रुंद करताना कठडा फुटतो, ठेकेदाराला त्यात दगडच दिसतो, आणि कागदावरची उंची जागेविना लटकत राहते. उपग्रह आहेत ना, असं उत्तर मिळतं. पण उपग्रहाची उंची समुद्रपातळीत बसवायची, तर ती या खुणांवरच तपासावी लागते. जितक्या खुणा गेल्या, तितकी तपासणी पातळ.

काकांनी खिशातून किल्ली काढून रंगाचा पोपडा उचलला. खाली कोरीव रेघ. मुलाला म्हणाले, "स्टाफ आण. आहे का जाग्यावर, ते मोजूनच पाहू."