कोपऱ्यावर थांबणारी सुई

(दृश्य: बेळगाव, वडगाव. सकाळची गल्ली. मागांचा आवाज आधी, चित्र नंतर.)

वडगावच्या गल्लीत शिरलं की डोळ्यांआधी कानाला काम लागतं. घराघरात माग. साडी विणली जातेय आणि भिंतीतून तिचा आवाज बाहेर येतोय. वडगाव, खासबाग, शहापूर, बेळगावचा हा भाग मागांवर वाढलेला. पण आज आपण मागापाशी थांबणार नाही. दोन घरं सोडून शिलाईकामाची पत्र्याची एक शेड आहे, तिथे जाऊ.

इथला आवाज निराळा. सलग घरघर. मग एकदम शांत. मग सावकाश, मोजून मारल्यासारखं टक… टक. पुन्हा शांत. पुन्हा टक… टक. आणि परत घरघर.

त्या शांततेत काय होतं, दोन सुयांचं शिलाई मशीन कोपरा कसं वळतं, ते बघायला आपण आलोय.

(दृश्य: शाळेचं दप्तर, अगदी जवळून. पुढच्या कप्प्याची शिलाई.)

दप्तराचा पुढचा कप्पा बघा. कडेनं टीप गेलीय. एक नाही, दोन. शेजारी शेजारी, रेल्वेच्या रुळांसारख्या. दोन कशाला? पहिली उसवली तर दुसरी धरून ठेवते, हे एक. आणि आत दुमडलेलं कापड दोन टिपांखाली सपाट बसतं, फुगत नाही, हे दुसरं. जीनच्या खिशाला, गाडीच्या सीट कव्हरला, तंबूच्या कापडाला, जिथं ताण पडणार तिथं दोन टिपा.

दोन टिपांमधलं अंतर इथं मिलिमीटरमध्ये कुणी सांगत नाही. सांगतात, ‘दोन सूत’. इंचाचे आठ सूत. सुताराचं, फिटरचं हे माप शिलाईच्या शेडमध्येही चालतं. दोन सूत म्हणजे पाव इंच. मशीनच्या कागदावर तेच ६.४ मिलिमीटर म्हणून छापलेलं असतं. सूत ध्यानात ठेवा, पुढं त्याचा उपयोग आहे.

आमच्या घरी पायाची उषा होती. उषा कंपनी स्वातंत्र्याच्या आधीपासूनची, त्यामुळे दोन पिढ्यांना शिलाई मशीनचं दुसरं नाव ‘उषा’ असंच ठाऊक. त्या एका सुईवर आई दोन टिपा घालायची. पहिली मारून झाली की प्रेशर फूटची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाची, कड पहिल्या टिपेला चिकटवून दुसरी. नजर हलली की रूळ वाकडे. दोनशे दप्तरं शिवायची असतील तर असं भागत नाही. मग डबल नीडल मशीन येतं. एका दांड्याला दोन सुया, खाली खालच्या दोऱ्याच्या दोन बॉबीन, आणि सुईचा दोरा पकडून त्यात गुंतवणारी दोन शटल. एकदा कापड सरकलं की दोन्ही टिपा एका दमात, आणि मधलं अंतर केसभरही हलत नाही.

शेडमध्ये अशा वेगवान मशीनला सरसकट ‘जुकी’ म्हणतात, मग त्यावर नाव कुणाचंही असो. जुकी ही जपानी कंपनी. १९३८ साली टोकियोत ती उभी राहिली ती बंदुका करायला. युद्ध संपलं, बंदुकांचं काम गेलं, आणि १९४७ मध्ये तिनं शिलाई मशीन बाजारात आणलं. वडगावातल्या अक्कांना याच्याशी काही घेणंदेणं नाही. मला मात्र ही माहिती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

(दृश्य: सरळ टीप चालू. कापडाचा कोपरा सुयांजवळ येतो. मशीन थांबतं.)

सरळ रेषेत सगळं छान. अडचण कोपऱ्यावर.

एका सुईच्या मशीनवर कोपरा आला की आपण काय करतो? सुई कापडात रुतवून ठेवतो, पाय उचलतो, कापड त्या सुईभोवती फिरवतो. सुई म्हणजे खुंटा. इथं खुंटे दोन आहेत. दोन खिळ्यांनी ठोकलेली पाटी फिरवून बघा, फिरते का?

सुया वर काढून फिरवलं तर? फिरेल. पण मग दोन्ही टिपा एकमेकींना कापून जातात आणि कोपऱ्यावर एक चौकट तयार होते. गंमत म्हणजे या चुकीलाही कुठंकुठं मान मिळाला. लीव्हायसच्या जीनच्या मागच्या खिशावर ती कमानीची नक्षी असते ना? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत दोऱ्याचीही काटकसर, म्हणून ती कमान शिवण्याऐवजी रंगानं काढायचे. युद्धानंतर डबल नीडल मशीन आलं, आणि दोन कमानी जिथं मिळतात तिथं हिऱ्याचा आकार दिसायला लागला. जगभर लोक त्या हिऱ्यावरून जीन ओळखतात. दप्तराच्या कप्प्यावर तोच हिरा दिसला तर इथं माल परत येतो.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीनं दोन समांतर रेषा, काटकोनात वळलेल्या.)

आता ही आकृती बघा. दोन रेषा, काटकोनात वळणाऱ्या. आतली रेषा आधी वळते, बाहेरची नंतर. बाहेरच्या रेषेला वळणाच्या आधी दोन सूत जास्त जायचंय आणि वळल्यावर आणखी दोन सूत. जेवढं दोघींमधलं अंतर, तेवढाच जादा रस्ता, दोन्ही अंगांना. शाळेच्या मैदानावर कवायतीची रांग वळते तेव्हा आतला पोरगा जागच्या जागी पाय आपटत राहतो आणि बाहेरचा ढांगा टाकतो, तसंच.

मशीनच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच, की कोपऱ्यावर आतली सुई थांबली पाहिजे आणि बाहेरची चालली पाहिजे. आणि हे मशीन बंद न करता, दोरा न तोडता.

(दृश्य: मशीनचं पुढचं झाकण उघडलेलं. मेकॅनिकचा हात. हँडव्हील सावकाश फिरतं.)

त्यासाठी मशीनच्या डोक्यात ही करामत आहे. साध्या डबल नीडलमध्ये दांडा एकच, खाली पकडीत दोन सुया. इथं दांडेच दोन आहेत. बारीक, एकमेकांना खेटून, एकाच चौकटीत. प्रत्येकाला आपापली सुई. मधे एक ठोकळा, तो मशीनच्या मुख्य शाफ्टवरच्या क्रँकनं वर-खाली होतो. दांड्याला खाच आहे. ठोकळ्यातली खिट्टी त्या खाचेत बसली की दांडा ठोकळ्याबरोबर जातो. खिट्टी बाहेर सरकली की ठोकळा एकटाच खाली जातो आणि दांडा वर राहतो.

नुसता राहून भागत नाही. हादऱ्यानं तो खाली घसरला तर सुई पायावर नाहीतर शटलवर आपटणार. म्हणून वर त्याला अडकवून धरणारा दुसरा आकडा असतो. एकानं सोडायचं त्याच क्षणी दुसऱ्यानं धरायचं. हा खांदेपालट सुई अगदी वर असतानाच होतो. अशा मशीनची वरची मर्यादा मिनिटाला साधारण तीन हजार टाक्यांची, म्हणजे सेकंदाला पन्नास. कोपऱ्यावर अर्थात कुणी त्या वेगानं जात नाही.

बाहेर दिसतो तो फक्त खटका. डावीकडे ढकलला की डावी सुई थांबते, उजवीकडे ढकलला की उजवी. मोकळा केला की दोन्ही पुन्हा जोडीनं.

खाली मात्र कुणीच थांबत नाही. वरची पत्ती सरकवली की दिसतं, दोन्ही शटल गरगर फिरतायत. थांबलेल्या सुईचं शटलसुद्धा. दर फेरीला ते दोरा पकडायला येतं, दोरा नसतो, तसंच पुढं जातं.

(दृश्य: अक्का मशीनवर. हात, खटका, कापड. तिचा ओठ हलतो.)

अक्का काय करते बघा. कोपरा आला. आतल्या बाजूची सुई आपल्या वळणावर पोचली. खटका. आता एकच सुई. टक, टक. सुई कापडात रुतलेली. पाय वर, कापड फिरलं, पाय खाली. टक, टक. खटका मोकळा. दोन्ही सुया.

ती काहीतरी पुटपुटतेय. ऐका.

‘ओंदु… एरडु.’ वळण. ‘ओंदु… एरडु.’

घरी मराठी, शेडमध्ये मराठी, आणि टाके कन्नडमध्ये. कारण विचारलं तर हसली. म्हणाली, ‘ज्या अक्कानं शिकवलं ती कन्नडवाली. तिच्या तोंडचं तसंच बसलंय. आता मराठीत मोजाय गेलं की चुकतंय बघा.’ पगाराचा हिशेब मात्र मराठीत होतो, हे तिनं आपणहून सांगितलं.

दोनच टाके का? आता सूत कामाला येतं. या कापडावर इंचाला आठ टाके लावलेत, म्हणजे एक टाका एक सुताचा. जादा रस्ता दोन सुतांचा. दोन टाके. शर्टासारखं बारीक काम असेल, इंचाला बारा टाके, तर तेच दोन सूत तीन टाक्यांत बसतात. आणि इंचाला दहा लावले तर? अडीच टाके. अर्धा टाका मारता येत नाही. दोन मारले तर बाहेरची टीप कोपऱ्याला पोचत नाही, तीन मारले तर पुढं जाते, आणि परत जोडी जमते तेव्हा आतली सुई आपल्या जुन्या भोकात न पडता शेजारी पडते. म्हणून कोपऱ्याचं काम आलं की आधी टाक्याची लांबी अंतराला जुळवून घ्यावी लागते. नवीन ऑपरेटर खटक्यालाच दोष देते. खटक्याचा दोष नसतो, भागाकार बसत नसतो.

काटकोन सोडला की आकडा बदलतो. जीनच्या मागच्या खिशाचं टोक पसरट असतं. समजा १२० अंशांचं. तिथं जादा रस्ता एक सुताहून थोडाच जास्त, एका टाक्यात भागतं. उलट ६० अंशांचं अणकुचीदार टोक असेल तर रस्ता जवळजवळ साडेतीन सुतांचा. टोक जितकं टोकदार, तितकं आतल्या सुईचं वाट पाहणं लांबतं. इथं त्रिकोणमिती कुणी काढत नाही. चिंधीवर दोन कोपरे मारून बघतात आणि खडूनं टेबलावर आकडा लिहून ठेवतात. हा बघा, पुसट झालाय.

(दृश्य: एक फसलेला कोपरा. आतल्या टिपेवर दोऱ्याची सैल कडी.)

आता दुखणी. सगळ्यात मोठं दुखणं दोऱ्याचं. सुई थांबली तरी तिचा दोरा ओढणारा लिव्हर थांबत नाही, तो दोन्ही दोऱ्यांना सामाईक आहे. थांबलेल्या सुईचा दोरा विनाकारण वर-खाली खेचला जातो. टेन्शन, म्हणजे दोऱ्यावरचा ताण, सैल असेल तर रिळावरून जादा दोरा येतो आणि जोडी जमल्यावर पहिल्याच टाक्याला अशी कडी सुटते. टेन्शन घट्ट केलं तर पुढच्या सरळ टिपेत कापड चुणतं. मधली जागा शोधायची, आणि ती दोऱ्याच्या प्रत्येक नव्या रिळाबरोबर थोडी हलते.

दुसरं, झीज. आमच्याच नात्यात एकानं जुन्या बाजारातून ‘कोपरा मशीन’ म्हणून एक घेतलं होतं. विकणाऱ्यानं खटका ढकलून दाखवला, खटका हलला, पैसे दिले. घरी आणून झाकण उघडलं तर आत झिजलेल्या खिट्ट्या कुणीतरी कायमच्या आवळून टाकलेल्या. खटका शोभेचा. वर्षभर ते साधं डबल नीडल म्हणून चाललं, आणि कोपरे आईच्या पद्धतीनं, एका सुईवर.

(दृश्य: मेकॅनिक टॉर्च धरून आत बघतोय. अक्का शेजारी उभी.)

इथं आज तसंच काहीतरी झालंय, पण बरं होण्यासारखं.

‘अण्णा, डावी सुई मधीच खाली येतीया बघा.’

‘खिट्टी झिजल्याय, अक्का. कड गोल झाली की धरत न्हाई ती.’

खाचेची आणि खिट्टीची धार चौकोनी असते तोवर सगळं ठीक. हजारो वेळा धरून-सोडून ती गोल होते, मग हादऱ्याला निसटते. सुटा भाग मागवला तर यायला वेळ लागतो. उद्यमबागेत लेथवाल्यांची काय कमी? बेळगावच्या त्या वसाहतीत फौंड्रीपासून मशीन शॉपपर्यंत सगळं आहे, आणि एवढीशी खिट्टी कुणीही घासून देईल. पण घासणं सोपं, हार्डनिंग, म्हणजे तापवून कडक करणं, अवघड. मऊ राहिली तर महिन्यात पुन्हा गोल. जादा कडक झाली तर तुकडा पडतो, आणि तो तुकडा शटलमध्ये गेला तर खर्च दहापट. अण्णांनी या वेळी मूळ भाग मागवून ठेवला होता. मे महिन्यात दप्तरांची घाई असते, शाळा उघडायच्या आत माल दुकानात पोचायला हवा. त्यांनी तो मार्चमध्येच आणून डब्यात ठेवलेला.

स्क्रू सैल. जुनी खिट्टी चिमट्यानं बाहेर. हातावर घेऊन दाखवतात: गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. नवी आत. तेलाचा थेंब. हँडव्हील हातानं फिरवून खटका डावीकडे, उजवीकडे, मोकळा. पुन्हा. दहा-बारा वेळा तरी.

(दृश्य: चिंधीवर चाचणी.)

अक्का बसते. चिंधी घेते. पहिला कोपरा: डावी सुई वर राहिली, पण जोडी जमताना कडी सुटली. अण्णा टेन्शनची चकती पाव आटा फिरवतात. दुसरा कोपरा: कडी नाही, पण टाका जरा ओढलेला. अगदी किंचित उलटं. तिसरा कोपरा अक्का उजेडाकडं धरून बघते. उलटा करून खालची बाजू बघते. अंगठ्यानं घासते.

‘असू दे आता.’

चिंधी टेबलाखाली जाते. गठ्ठ्यातला वरचा कप्पा हातात येतो.

‘ओंदु… एरडु.’