सरासरीवर गवत उगवत नाही

मंडळी, पुण्याच्या पूर्वेला दौंड, इंदापूर करत सोलापूरपर्यंत पसरलेला माळ तुमच्यापैकी बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस. हा आकडा आम्ही गवताचा अभ्यास करणारे प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर लिहितो, आणि आमची सगळ्यांत जास्त दिशाभूल यानेच केली, असं माझं मत आहे. निम्म्यावर आलेली वर्षं आणि दुथडी भरलेली वर्षं एकत्र करून काढलेला तो आकडा. गवताला सरासरी कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की आज मातीत ओल आहे की नाही.

शिवाय दोन वर्षांचा एकूण पाऊस सारखा असला, तरी गवत सारखं येत नाही. हे जरा सविस्तर सांगतो. मृगाच्या सरींनी जमीन भिजली की पवन्या, मारवेल यांचे जुने ठोंब फुटतात. ही वर्षानुवर्षं जगणारी गवतं. पहिली पाती ती मुळांत आणि बुडख्यात साठवलेल्या अन्नावर काढतात. माळ हिरवा दिसतो खरा, पण ठोंबाची शिदोरी त्या वेळी सर्वांत रिकामी असते. पाती मोठी झाली, उन्हात अन्न करू लागली, की ती पुन्हा भरत जाते. आता समजा, पहिली फूट मेंढ्यांनी खाल्ली आणि नेमकी जुलैत तीन आठवडे उघडीप पडली. दुसऱ्यांदा फुटायला ठोंबाजवळ फारसं काही उरत नाही. लागोपाठ दोन-तीन वर्षं असं झालं की चांगली गवतं विरळ होतात आणि कुसळी माजते.

कुसळीला मी वाईट म्हणणार नाही. फुलोऱ्याआधी जनावर ती आवडीने खातं. पण बी धरल्यावर तिचं कुसळ लोकरीत शिरतं, कातडीत घुसतं. हे कुसळ दमट हवेत उलगडतं, कोरड्या हवेत पीळ खातं, आणि तसं वळत वळत बी जमिनीत रुजवतं. लहरी हवेचाच उपयोग करून घेणारं गवत आहे ते! मला त्याचं फार कौतुक वाटतं.

सोलापूरकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात होतो. उत्तरा-हस्ताचा पाऊस वेळेवर आला तर गवताचं बी भरतं आणि चारा दिवाळीपुढे टिकतो. तो कापणीनंतर आला तर वाळत घातलेलं गवत काळं पडतं, जनावर तोंड लावत नाही. पाऊस तोच, तेवढाच. आठवडे फक्त पुढे सरकलेले.

आता आमच्या कामाबद्दल. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट ठेवायची, आतलं गवत कापायचं, सुकवून तोलायचं. थोडी जागा कुंपणात राखायची, म्हणजे चरलेलं आणि न चरलेलं यांची तुलना होते. पद्धत चोख आहे. चूक मुदतीत होते. माझ्या पहिल्या कामाची तिन्ही वर्षं पावसाने साथ दिली. एका हेक्टरवर किती मेंढ्या चाराव्यात, तो आकडा आम्ही खात्रीने लिहिला. चौथ्या वर्षी ऑगस्ट उजाडला तरी माळ तांबडाच होता. एका वयस्कर मेंढपाळाला मी तो आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी विचारलं, “साहेब, ह्यो आकडा कुठल्या सालाचा?” मी म्हणालो, “आबा, तीन सालांचा मिळून.” ते म्हणाले, “मग औंदाचं सांगा की.” माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथे १८५६ साली सुरू झालेला गवताचा प्रयोग आजही चालू आहे. तिथे वेगवेगळी खतं घातलेल्या तुकड्यांवरचं गवत चाऱ्यासाठी कापतात आणि नोंद ठेवतात. एवढी वर्षं हाताशी असली की हवेचा परिणाम आणि खताचा परिणाम वेगळा काढता येतो. तीन वर्षांत दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

१९८८ मध्ये एलिस आणि स्विफ्ट या संशोधकांनी केनियातल्या तुर्काना भागाबद्दल जे मांडलं, ते मला आपल्या माळावर फिरताना सारखं आठवतं. तिथे दुष्काळच जनावरांची संख्या खाली आणतो. चराईने माळ संपण्याआधी पाऊस संपतो. अशा ठिकाणी ‘अमुक हेक्टरला अमुक जनावरं’ हा हिशेब लागू पडत नाही. लोक आणि कळप हलते राहिले तरच तगतात. आपला माळ तुर्कानाइतका कोरडा नाही, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे चिकटवू नये. पण धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी बिऱ्हाडं, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवतात, पावसाच्या तोंडावर परत येतात. यात तेच शहाणपण आहे. आपण मात्र या माळांची नोंद ‘पडीक’ म्हणून करतो, चर खणून झाडं लावतो, आणि वाटा बंद झाल्यावर उरलेल्या तुकड्यावर गर्दी झाली की अतिचराई म्हणतो. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून आता एकच आकडा द्यायचा नाही, असं मी ठरवलं आहे. चांगल्या सालाचा वेगळा, मधल्या सालाचा वेगळा, वाईट सालाचा वेगळा. जूनमध्ये पहिली फूट निघाल्यावर किती दिवस कळप थांबवावा, हे त्या वर्षीच्या ओलीवरून सांगायचं. चौकटीच्या वजनाशेजारी रोजचा पाऊस लिहायचा. आणि आबांचा वाडा ज्या दिवशी हलतो, तो दिवसही त्याच वहीत, त्याच पानावर.