कॅज्युअल्टीतलं पुस्तक कसं पारखावं

इमर्जन्सी मेडिसिनचा नवा ग्रंथ आला की आपण संपादकांची नावं बघतो, आवृत्ती बघतो आणि किंमत बघून सुस्कारा सोडतो. माझी रीत वेगळी आहे. मी आधी पोटदुखीचं प्रकरण उघडतो आणि त्यात मण्यार शोधतो.

कारण सांगतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येते म्हणून येतो. दंशाची खूण दिसत नाही, सूज नाही. तासाभरात पापण्या मिटायला लागतात, आवाज जड होतो आणि श्वास उथळ होतो. चावलेली असते मण्यार. सर्पदंशाचं प्रकरण कितीही सुरेख असू दे, ड्यूटीवरचा रेसिडेंट (निवासी डॉक्टर) ते उघडणारच नाही. त्याच्यासमोर सर्पदंश नाहीच, पोटदुखी आहे! पेशंट निदान घेऊन येत नाही, तक्रार घेऊन येतो. त्या तक्रारीपासून निदानापर्यंत जो ग्रंथ नेत नाही, तो परीक्षेला चालेल, कॅज्युअल्टीत नाही.

मग सर्पदंश वाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपली प्रतिविषाची लस बनते. लहान मुलाला ती मोठ्या माणसाइतकीच द्यायची, कारण साप मुलाचं वजन बघून विष सोडत नाही. हे ठळक छापलंय का? वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीला कोरडी, स्वच्छ, काचेची टेस्टट्यूब लागते. साबणाचा अंश राहिला किंवा ट्यूब प्लॅस्टिकची असली, तर ठणठणीत माणसाचं रक्तही गोठलेलं दिसणार नाही. ‘काचेची’ हा एक शब्द ज्याने लिहिला, त्याने ही चाचणी स्वतः केली असावी, असं मी धरतो.

विंचवाचंही तसंच. अमेरिकेतल्या विंचवाने डोळे भिरभिरतात, हातपाय झटके देतात. कोकणातला लाल विंचू हृदयावर घाला घालतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं. पुढे 2011 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला: प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो. तिकडच्या ग्रंथाने तिकडचा विंचू सांगावा, तक्रार नाही. पण मुखपृष्ठावर ‘दक्षिण आशिया आवृत्ती’ छापून आत तोच एक विंचू ठेवला असेल, तर ती आवृत्ती फक्त किमतीपुरती आपली.

कीटकनाशकाच्या विषबाधेत मी ॲट्रोपिन हा उतारा कुठे थांबवायचा ते बघतो. दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जायचं, ते छातीतली घरघर जाईपर्यंत. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबा असं कुणी लिहिलं असेल, तर त्या प्रकरणावर माझा विश्वास उरत नाही.

राहिल्या जुन्या आवृत्त्या. विभागाच्या कपाटात त्या असतातच, वर कुणा निवृत्त सरांची सही. हृदय पूर्ण बंद पडल्यावर नेमाने ॲट्रोपिन देणं अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2010 मध्येच वगळलं. सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी व्हायला लागतात त्या अवस्थेचा, 2001 चा गाजलेला प्रोटोकॉल (ठरवून दिलेला उपचारक्रम) घ्या. 2014-15 मधल्या तीन मोठ्या चाचण्यांत तो नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. शरीररचना, टाके, प्लास्टर यांसाठी जुनं पुस्तक खुशाल वाचा. औषधांच्या मात्रांसाठी ते कॅज्युअल्टीत ठेवू नका, लायब्ररीत पाठवा.