सिग्नलचा संदेश आणि रेषेवरची रांग

सिग्नल गाडीशी बोलतो म्हणजे नक्की काय करतो? चौकातल्या कंट्रोलरला, म्हणजे दिवे चालवणाऱ्या पेटीला, जोडलेला रेडिओ 5.9 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला साधारण 10 वेळा संदेश सोडतो. हा स्पॅट: कुठल्या दिशेला कुठला दिवा आहे आणि तो कधी बदलेल. जोडीला मॅप, म्हणजे चौकाचा लेनवार नकाशा. गाडी त्यात आपली लेन शोधते, त्या लेनचा दिवा बघते आणि वेग ठरवते.

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर समजा सिग्नल 400 मीटरवर आहे आणि हिरवा व्हायला 32 सेकंद आहेत. भागाकार केला की सेकंदाला 12.5 मीटर, ताशी 45 किलोमीटर. या वेगाने गेलात की ब्रेक न लावता चौक पार, असं सांगितलं जातं. पण लेनमध्ये आठ गाड्या उभ्या असतील तर? पहिली हलेपर्यंत साधारण 2 सेकंद जातात, मग पहिलीसकट दर गाडीला रेषा ओलांडायला आणखी 2. म्हणजे रांग सरायला 18 सेकंद. तुम्ही पोचायला हवं 50व्या सेकंदाला, ताशी 29च्या वेगाने. 45ने आलात तर रांगेच्या शेपटाशी थांबणारच. (पाम बीचवर 29ने चालवून बघा, मागचा हॉर्नवरून हात काढणार नाही.) रांगेची लांबी कळवायला स्पॅटमध्ये जागा आहे, पण ती मोजायला चौकात कॅमेरा किंवा रडार लागतं. शिवाय आपल्याकडे बाइकवाले फटींतून पुढे येऊन रेषेवर जमतात, त्यामुळे लेनवार मोजणीही फसते.

ठरावीक वेळेच्या सिग्नलचं भाकीत सोपं. गर्दी बघून वेळ बदलणारा सिग्नल मात्र बदलाच्या वेळेचे दोन आकडे देतो, लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा. त्यांत 20 सेकंदांचं अंतर असेल तर वेगाचा सल्ला देऊच नये. आणि हवालदाराने पेटी उघडून सिग्नल हाताने चालवायला घेतला की सगळं भाकीत बाद. त्यासाठी संदेशात वेगळी खूण असते. कंट्रोलरची जोडणी करताना नेमकी तीच राहून जाऊ शकते.

घड्याळही सांभाळावं लागतं. बदलाची वेळ चालू तासाच्या सुरुवातीपासून सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणून कंट्रोलर जीपीएसच्या वेळेशी बांधलेला हवा. एका सेकंदाची चूक म्हणजे ताशी 45च्या वेगाला साडेबारा मीटर, थेट झेब्रा क्रॉसिंगवर. त्यामुळे स्वयंचलित गाडीलाही कॅमेऱ्याने दिवा बघणं सुटत नाही.

नकाशाचं दुखणं निराळं. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड सरकले की लेन सरकतात, आणि कुणी नवा मॅप चढवला नाही तर गाडी उजवीकडे वळणाऱ्याचा हिरवा आपला समजते. रेडिओची अँटेना कंटेनरच्या उंचीच्या वर हवी, नाहीतर ठाणे-बेलापूर रोडवर एक ट्रेलर आडवा आला की मागच्या गाड्यांना काहीच ऐकू येत नाही.

ही यंत्रणा बसवायची तर ठाण्याच्या तीन हात नाक्यापासून सुरुवात करू नये. तिथे उड्डाणपुलाखाली जीपीएसला लेन ओळखता येणं कठीण. पाम बीचवरचा मोकळ्या आकाशाखालचा एखादा चौक घ्यावा. गाडी आणण्याआधी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत दिव्याचं चित्रीकरण करावं आणि संदेशातली वेळ फ्रेमनिशी ताडून बघावी. फरक अर्ध्या सेकंदाच्या वर गेला तर आधी पेटी दुरुस्त करावी.