गिनिपिगने वितळवलेला बर्फ

श्रोतेहो, नमस्कार.

चुनकळीवर पाणी ओतलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चरचर आवाज, वाफा, आणि भांडं असं तापतं की हात लावायची सोय नाही. खाली जाळ तर नसतोच. उलट, सायट्रिक आम्लाच्या द्रावणात खाण्याचा सोडा टाका. फेस उसळतो आणि पेला गार लागतो. पहिली अभिक्रिया उष्मादायी, दुसरी उष्माग्राही. उष्मादायी म्हणजे उष्णता देणारी, उष्माग्राही म्हणजे घेणारी.

पण किती दिली, किती घेतली, हे मोजायचं कसं? इथे मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती लांबणार आहे.

पॅरिस, १७८२-८३ चा हिवाळा. लाव्हाझिए हा रसायनज्ञ आणि लाप्लास हा गणिती, दोघे मिळून एक उपकरण वापरत होते. लाव्हाझिए म्हटलं की लोक आधी १७९४ सालचं गिलोटिन सांगतात. माणूस कसा मेला यातच आपल्याला रस. जिवंतपणी दिवसभर काय करायचा, हे कोणी विचारत नाही. असो.

उपकरण म्हणजे एकात एक बसवलेले कप्पे. अगदी आत जाळीचा पिंजरा, त्याच्याभोवती बर्फ, आणि त्याच्याही बाहेर पुन्हा बर्फ. दुहेरी बर्फ कशाला? खोलीची ऊब बाहेरच्या बर्फाने खाऊन टाकायची, आत पोहोचू द्यायची नाही. मग आतला बर्फ वितळणार तो फक्त पिंजऱ्यातल्या वस्तूच्या उष्णतेने. तोटीतून पाणी काढा, तोला. जितकं पाणी, तितकी उष्णता. पुन्हा सांगतो, जितकं पाणी, तितकी उष्णता. यात तापमापीची गरजच नाही!

आणि पिंजऱ्यात ठेवलं काय, तर जिवंत गिनिपिग. दहा तासांत त्याच्या अंगच्या उष्णतेने १३ औंस बर्फ वितळला, म्हणजे आजच्या मापात सुमारे ४०० ग्रॅम. मग तो प्राणी तेवढ्या वेळात श्वासावाटे किती कार्बन डायऑक्साइड सोडतो तेही त्यांनी वेगळं मोजलं. आणि हिशेब केला, की तेवढाच वायू निघेल इतका कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल? उत्तर आलं साडेदहा औंसांच्या आसपास.

तेरा आणि साडेदहा. तंतोतंत नाही, पण इतकं जवळ, की दोघांनी १७८३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर सांगून टाकलं: श्वसन हे ज्वलनच आहे, फक्त फार संथ. कोळसा आणि गिनिपिग एकाच वहीत! उरलेल्या फरकाचं एक कारण लाव्हाझिएनेच पुढे सुचवलं. शरीरात नुसता कार्बन जळत नाही, हायड्रोजनही जळतो, आणि त्याचं पाणी होतं.

आता थोडक्यात कारण. रेणूतले बंध तोडायला ऊर्जा खर्च होते. नवे बंध जुळताना ऊर्जा मिळते. तोडायला खर्च, जुळताना मिळकत. बंधांत ऊर्जा कोंडलेली असते आणि बंध तुटले की ती बाहेर पडते, असं अनेक जण सर्रास शिकवतात. ते चूक आहे, आणि मला त्याचा राग येतो. कोळसा जळताना मिळकत खर्चापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून धग. १२ ग्रॅम शुद्ध कार्बन पूर्ण जळला तर सुमारे ३९४ किलोज्यूल ऊर्जा मिळते. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात. म्हणजे चिमूटभर कार्बन, आणि किलोभराहून जास्त बर्फाचं पाणी!

मग गिनिपिग पेटत कसा नाही? कारण त्याच्या पेशींत तेच काम अनेक लहान टप्प्यांत होतं. टप्पे कितीही असोत, सुरुवात आणि शेवट तोच असेल तर उष्णतेची एकूण बेरीज तीच येते. हा नियम हेस या रसायनज्ञाने १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये मांडला.

आणि तो गार पेला? तिथे खर्च मिळकतीपेक्षा जास्त. तूट भरायला उष्णता द्रावणातून, पेल्यातून आणि पेला धरलेल्या तुमच्या हातातूनही घेतली जाते. वेळ झाली. नमस्कार.