वापसा ओळखणारे हात

बंधुभगिनींनो,

इथे परदेशातल्या मराठी शाळेत शेतीचे शब्द आपण मुलांना चित्रांवरून शिकवतो, आणि नांगर किंवा बैल यांच्यापुरते ते भागतेही. परंतु काही शब्द असे आहेत की त्यांचा अर्थ चित्रात मावत नाही, तो तळहातालाच कळावा लागतो. ‘वापसा’ हा त्यांपैकी एक, आणि आज मला त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

पाऊस पडून गेल्यावर जमीन ज्या अवस्थेत पेरणीयोग्य होते, तिला वापसा म्हणतात. मातीतल्या मोठ्या पोकळ्यांमधले पाणी निथळून तिथे हवा शिरलेली असते आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकून असते. बियाण्याला उगवायला ही दोन्ही लागतात. दख्खनच्या काळ्या जमिनीत हा मेळ फार नाजूक असतो, कारण तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. घाईने औत घातले तर ढेकळे निघतात, उशीर केला तर ओल उडून जाते. म्हणून जाणता शेतकरी बांधावरून अंदाज बांधत नाही. तो शेतात उतरतो, चार बोटे खोल माती उकरतो, ती मुठीत दाबतो आणि गोळा खाली सोडतो. गोळा फुटून भुगा झाला तर वापसा आला. माती तळव्याला चिकटून राहिली तर तिफण, म्हणजे तीन फणांचे पेरणीचे औत, अजून बाहेर काढायची नाही.

पुढचे कामही मुठीचेच. तिफणीमागून चालणारी बाई चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाडग्यावर, मूठ धरून बोटांच्या फटींतून दाणे सोडते, आणि बैलांच्या चालीशी तिचा हात जुळला नाही तर पीक कुठे दाट, कुठे विरळ उगवते. पेरणीयंत्रांनी हे कष्ट वाचवले याचा मला आनंदच आहे. पण त्या हातांची जाण आपल्या भाषेतून निसटू नये, असे मनापासून वाटते.

मृग नक्षत्र इथेही जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच लागते, मात्र त्याच्याबरोबर मोसमी पाऊस येत नाही. वापसा तसा नाही. वाळूमिश्रित जमिनीत तो लवकर येतो, चिकणमातीत उशिरा, पण येतो सगळीकडे. म्हणून माझी सूचना अशी की, येत्या वसंतात मुलांना छोटे वाफे करून द्यावेत, आणि पावसानंतर बी टोकण्याआधी प्रत्येकाने माती मुठीत दाबून वापसा आला की नाही हे स्वतः सांगावे. ज्यांच्या घरी शेती केलेले आजी-आजोबा आले असतील, त्यांनी त्या दिवशी त्यांना अवश्य घेऊन यावे, कारण मूठ किती जोराने आवळायची हे दाखवायला त्यांचेच हात हवेत.